राजापूर लोकसभा मतदारसंघ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजापूर नावाचा लोकसभा मतदारसंघ खरंच होता का? आम्हाला तर रत्नागिरी-सिंधुदुर्गच माहितीय.

होता की. चांगला पन्नास वर्षं होता. १९५७ च्या निवडणुकीपासून २००४ च्या निवडणुकीपर्यंत. आणि नुसता होता असं नाही, महाराष्ट्राच्या यादीत त्याचा नंबर शेवटी शेवटी पहिला लागायचा, म्हणजे १ राजापूर, २ रत्नागिरी अशी सुरुवात. आता यादी नंदुरबारपासून सुरू होते आणि आपला रत्नागिरी-सिंधुदुर्ग ४६ व्या नंबरवर. नंबराने काही फरक पडत नाही म्हणा, पण पहिल्या बाकावरून उचलून मागच्या बाकावर बसवल्यासारखं वाटतं खरं.

कुठून कुठपर्यंत होता?

सगळा तळकोकण, म्हणजे आजचा अख्खा सिंधुदुर्ग (सावंतवाडी, वेंगुर्ला, मालवण, देवगड, कणकवली, कुडाळ ही सगळी बाजू) आणि वरती राजापूरकडचा रत्नागिरी जिल्ह्याचा दक्षिण भाग. खाली गोव्याची हद्द, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सह्याद्रीचे घाट. महाराष्ट्रात २८८ आमदार आणि ४८ खासदार, त्यामुळे प्रत्येक खासदाराच्या वाटेला ६ विधानसभा येतात तशा इथेही यायच्या. सीट कायम जनरल, राखीव कधीच नव्हती.

बहुतेक भाग सिंधुदुर्गातला, मग नाव राजापूरचं का? राजापूर तर रत्नागिरी जिल्ह्यात आहे.

कारण नाव ठेवलं तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हाच नव्हता! तेव्हा एकच मोठा लांबलचक रत्नागिरी जिल्हा. सिंधुदुर्ग वेगळा झाला १ मे १९८१ ला, अंतुले मुख्यमंत्री असताना. म्हणजे मतदारसंघाचं नाव जिल्ह्यापेक्षा २४ वर्षांनी मोठं. जिल्हा वेगळा झाला, ओरोसला मुख्यालय गेलं, पण मतदारसंघाच्या पाटीवर राजापूरच राहिलं.

आणि राजापूर हे काही लहानसहान नाव नाही. जुनं बंदर, सतराव्या शतकात इंग्रजांची वखार होती तिथे आणि शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये ती लुटली हे शाळेत सगळ्यांनीच वाचलंय. मधूनच प्रकट होणारी राजापूरची गंगा तर सगळ्या कोकणाला ठाऊक.

१९५७ च्या आधी काय होतं?

१९५२ च्या पहिल्या निवडणुकीत जिल्ह्याचे सरळ दोन भाग होते, रत्नागिरी उत्तर आणि रत्नागिरी दक्षिण. उत्तरेतून आझाद हिंद सेनेतले जगन्नाथराव भोसले आले, दक्षिणेतून मोरेश्वर दिनकर जोशी. दोघेही काँग्रेसचे. ५७ ला सीमा आणि नावं बदलली आणि दक्षिणेकडे राजापूर आलं.

एकूण खासदार किती झाले?

१३ निवडणुका आणि खासदार फक्त चार! बॅरिस्टर नाथ पै ३ वेळा (१९५७, १९६२, १९६७), मधु दंडवते सलग ५ वेळा (१९७१, १९७७, १९८०, १९८४, १९८९), सुधीर सावंत एकदा (१९९१) आणि सुरेश प्रभू ४ वेळा (१९९६, १९९८, १९९९, २००४). बाई एकही नाही, हेही सांगून टाकतो, कारण ज्या भागात पुरुषांपेक्षा बायकांची संख्या जास्त आहे तिथली ही गोष्ट आहे.

यातली बघण्यासारखी गोष्ट म्हणजे या १३ पैकी काँग्रेस जिंकली फक्त एकदा, १९९१ ला. महाराष्ट्रात काँग्रेस म्हणजे घरचा कारभार होता त्या काळातली ही आकडेवारी आहे, त्यामुळे "कोकण म्हणजे आधीपासून शिवसेनेचाच" असं कोणी म्हणालं की मला गंमत वाटते. शिवसेनेची इथली खासदारकी १९९६ पासूनची, त्याआधी ३४ वर्षं इथे समाजवादी होते.

नाथ पै पहिल्यांदा कसे निवडून आले?

१९५७ ची हवा काय होती ते आधी बघा. संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन पेटलेलं, मुंबईत गोळीबार होऊन माणसं गेलेली आणि त्या मुंबईतल्या गिरण्यांमध्ये कोकणातल्या घराघरातला माणूस. तिकडे चाळीत जे ऐकायला यायचं ते मेच्या नाहीतर गणपतीच्या सुट्टीत गावात पोचायचं. नाथ पै प्रजा समाजवादी पक्षाचे आणि तो पक्ष संयुक्त महाराष्ट्र समितीत. त्यात माणूस वेंगुर्ल्याचा, लंडनला जाऊन बॅरिस्टर झालेला, आंतरराष्ट्रीय समाजवादी युवक संघटनेचा अध्यक्ष राहिलेला आणि बोलणं असं की सभेला आलेला माणूस जागचा हलायचा नाही. गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडेच होता, सावंतवाडीच्या पलीकडे लगेच हद्द, त्यामुळे गोवामुक्तीचा विषय इथे पेपरातला नव्हता तर शेजारच्या घरातला होता, आणि नाथ पै त्यावरही ठामपणे बोलायचे.

पुढे ६२ आणि ६७ लाही तेच. विमानतळाला, शिक्षणसंस्थेला, मालवणच्या सेवांगणाला त्यांचं नाव दिसतं ते उगाच नाही.

नाथ पैंचं घटनादुरुस्तीचं बिल म्हणतात ते काय?

हे जरा नीट सांगतो, कारण खासगी विधेयकावर एवढी चर्चा क्वचित होते. फेब्रुवारी १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मूलभूत हक्कांना हात लावणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही. नाथ पैंना हे पटलं नाही. त्यांचं म्हणणं, लोकांनी निवडून दिलेल्या संसदेला घटना बदलायचा अधिकार पाहिजे, नाहीतर जमीन, मालमत्ता यातल्या सामाजिक सुधारणा अडकून पडतील. म्हणून त्यांनी त्याच वर्षी ३६८ व्या कलमात दुरुस्ती सुचवणारं स्वतःचं विधेयक आणलं. विरोधी बाकावरचा माणूस, खासगी बिल, आणि त्यावर संसदेत आणि बाहेर देशभर वाद! काही समाजवादी मित्रसुद्धा विरोधात, कारण हा अधिकार उद्या चुकीच्या हातात गेला तर काय ही भीती.

ते बिल पास झालं नाही, डिसेंबर १९७० मध्ये लोकसभाच विसर्जित झाली. पण १९७१ मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने २४ वी घटनादुरुस्ती केली तेव्हा मूळ मुद्दा तोच होता. मग १९७३ ला केशवानंद भारती खटल्यात कोर्टाने मधला रस्ता काढला, दुरुस्ती करा पण मूळ चौकट मोडू नका. आणि १९७५ ला आणीबाणी आली, म्हणजे भीती वाटणारेही अगदीच चुकीचे नव्हते असं माझं मत. नाथ पै ते बघायला नव्हते.

नाथ पै गेल्यावर पोटनिवडणूक झाली आणि त्यात दंडवते आले ना?

नाही, हा गैरसमज खूप ठिकाणी दिसतो. नाथ पै बेळगावला गेले जानेवारी १९७१ मध्ये, अवघे ४८ वर्षांचे. पण लोकसभा त्याआधीच, डिसेंबर १९७० मध्ये विसर्जित झालेली आणि मार्चमध्ये मुदतपूर्व सार्वत्रिक निवडणूक ठरलेली. पोटनिवडणुकीचा प्रश्नच नव्हता. दंडवते त्या सार्वत्रिक निवडणुकीतच आले.

दंडवते तर कोकणातले नव्हते, मग पाच वेळा कसे?

बरोबर, जन्म अहमदनगरचा, नोकरी मुंबईत सिद्धार्थ कॉलेजला फिजिक्सचे प्रोफेसर. जातीचं, गावकीचं, नात्यागोत्याचं काही बळ इथे नाही. पण पक्ष तोच, कार्यकर्ते तेच, राष्ट्र सेवा दलात वाढलेले शिक्षक गावोगाव, आणि नाथ पैंच्या जागी आलेला माणूस म्हणून लोकांनी स्वीकारलं. एकदा स्वीकारलं ते वीस वर्षं सोडलं नाही.

१९७१ ची लाट आठवा, "गरिबी हटाव", महाराष्ट्रातल्या ४५ पैकी ४२ जागा काँग्रेसला. प्रजा समाजवादी पक्षाचे अख्ख्या देशात दोन खासदार आले आणि त्यातले एक राजापूरचे दंडवते. १९८४ ला इंदिराजींच्या हत्येनंतरची लाट तर त्याहून मोठी, ४८ पैकी ४३ काँग्रेस. उरलेल्या पाचात बारामतीतून शरद पवार, मुंबईतून डॉ. दत्ता सामंत असे लोक आणि राजापुरातून पुन्हा दंडवते. १९९८ ला पक्ष बदललेला होता पण खोड तीच, राज्यात शिवसेनेच्या फक्त ६ जागा आल्या आणि त्यातली एक राजापूरची. राज्य एकीकडे आणि हे एकीकडे, असं तीनदा झालं तर त्याला योगायोग म्हणणं मला अवघड जातं.

आणीबाणीत दंडवते कुठे होते?

तुरुंगात. २६ जून १९७५ ला ते संसदीय समितीच्या कामासाठी बंगलोरला होते, सोबत वाजपेयी, अडवाणी. सगळ्यांना तिथेच उचललं. त्यांच्या पत्नी प्रमिलाताई दंडवते येरवड्याच्या तुरुंगात. म्हणजे राजापूरचा खासदार जवळपास दीड वर्ष जेलमध्ये, आणि सुटून आल्यावर १९७७ ला पुन्हा निवडून आला तो थेट रेल्वेमंत्री झाला.

रेल्वेमंत्री म्हणून काय केलं?

सेकंड क्लासच्या लाकडी बर्थवर दोन इंच फोम! ऐकायला एवढंसं वाटतं, पण ज्याने रात्रभर लाकडावर झोपून प्रवास केलाय त्याला विचारा. पहिल्या वर्गाचं कौतुक कमी करून दुसऱ्या वर्गाकडे बघायचं ही त्यांची लाइन होती, वर्गच नसलेली गीतांजली एक्स्प्रेस १९७७ च्या डिसेंबरला मुंबई-हावडा सुरू झाली ती त्यांच्याच काळात. १९७४ च्या संपात नोकरी गेलेल्या रेल्वे कामगारांना परत घेतलं तेही तेव्हाच. आणि गंमत बघा, ज्याच्या मतदारसंघात रेल्वेचा एक रूळ नाही असा माणूस देशाचा रेल्वेमंत्री.

मग कोकण रेल्वे नक्की कोणी आणली? दंडवते, फर्नांडिस की श्रीधरन?

यावर लग्नाच्या मांडवातसुद्धा भांडणं होतात. खरं सांगायचं तर तिघांनीही. मागणी फार जुनी, दंडवते संसदेत ती लावून धरत आले. १९८९ च्या शेवटी व्ही. पी. सिंगांचं सरकार आलं, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री, अशी जोडी जमली की जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे कॉर्पोरेशनच स्थापन झालं. रेल्वेच्या नेहमीच्या बजेटमधून कधीच झालं नसतं म्हणून वेगळं कॉर्पोरेशन, भांडवलात केंद्राचे ५१ टक्के, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकचे १५, गोवा आणि केरळचे ६-६, आणि बाकीचा पैसा बाजारातून बाँडने. ई. श्रीधरन प्रमुख. सरकार वर्षभरही टिकलं नाही, पण काम सुरू झालं ते झालं.

रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत साधारण ७४० किलोमीटर, पूर्ण मार्ग देशाला अर्पण झाला २६ जानेवारी १९९८ ला. राजापूर रोड, वैभववाडी, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी, सगळीकडे गाडी थांबायला लागली. फक्त तोपर्यंत दंडवते खासदार नव्हते, १९९१ लाच पडले होते.

१९९१ ला दंडवते का पडले?

एकच कारण सांगता येणार नाही. व्ही. पी. सिंग सरकार कोसळलेलं, जनता दल फुटलेलं, प्रचार चालू असताना राजीव गांधींची हत्या. त्या वेळी राज्यात काँग्रेसला ४८ पैकी ३८ जागा मिळाल्या. पण माझ्या मते मोठा बदल खाली गावात झाला होता. मुंबईतला १९८२ चा गिरणी संप मोडला, लालबाग-परळच्या चाळीतला तरुण शिवसेनेच्या शाखेत जायला लागला आणि तोच वारा तळकोकणात आला. १९९० ला मालवणमधून शिवसेनेचे नारायण राणे आमदार झाले. जुने समाजवादी कार्यकर्ते म्हातारे झाले आणि त्यांच्या मागून पोरं तयार झाली नाहीत. सैन्यातून आलेले काँग्रेसचे सुधीर सावंत निवडून आले, आणि पाच वर्षांनी शिवसेना.

सुरेश प्रभूंबद्दल थोडं सांगा.

चार्टर्ड अकाउंटंट, सारस्वत बँकेचे अध्यक्ष राहिलेले, शिवसेनेच्या नेहमीच्या साच्यात न बसणारा माणूस. १९९६ ला पहिल्यांदाच खासदार आणि लगेच वाजपेयींच्या १३ दिवसांच्या सरकारात उद्योगमंत्री. नंतर पर्यावरण, मग वीज. वीज कायद्याचं विधेयक २००१ मध्ये त्यांच्या काळात संसदेत आलं, पण २००२ ला पक्षाने त्यांना मंत्रिमंडळातून काढून घेतलं आणि ते खातं गेलं अनंत गीतेंकडे. गीते कुठले? शेजारच्या रत्नागिरी मतदारसंघाचे! म्हणजे देशाचं वीज खातं राजापूरहून रत्नागिरीला गेलं आणि इकडे लोडशेडिंग चालूच.

२०१४ ला प्रभू भाजपमध्ये जाऊन रेल्वेमंत्री झाले, पण राज्यसभेतून. तरी हिशेब केला तर राजापूरच्या चार खासदारांपैकी दोघे रेल्वेमंत्री झाले.

मुंबईकरांचा या निवडणुकीशी काय संबंध?

सगळाच संबंध. हा मनीऑर्डरवर चालणारा भाग. कर्ता पुरुष मुंबईला, घर-शेती बायकोच्या आणि आईच्या जिवावर. २००१ च्या जनगणनेत हजार पुरुषांमागे सिंधुदुर्गात १०७९ आणि रत्नागिरीत ११३६ बायका होत्या. त्यामुळे राजापूरचा प्रचार निम्मा मुंबईत व्हायचा, गावमंडळांच्या मीटिंगा, चाळीतल्या बैठका, आणि चाकरमान्याचं पत्र गावात आलं की घरचं मत ठरलं असं म्हणायचे. बायका स्वतःच्या मनाने मत देत नव्हत्या असं मात्र समजू नका. पत्र वाचून बाजूला ठेवणाऱ्याही पुष्कळ होत्या.

एन्रॉनचा वीजप्रकल्प, जैतापूरचा अणुप्रकल्प, रिफायनरी हे सगळं याच मतदारसंघातलं का?

एन्रॉन नाही. ते गुहागर तालुक्यात, म्हणजे तेव्हाच्या रत्नागिरी मतदारसंघात. जैतापूर आणि रिफायनरीचं नाणार-बारसू राजापूर तालुक्यातच, पण त्यांच्याविरुद्धची आंदोलनं पेटली तोवर राजापूर लोकसभा संपली होती.

मतदारसंघ रद्द का केला? राजकारण होतं का यात?

लोकांना राजकारण वाटतं, पण आधी गणित बघा. १९७६ पासून मतदारसंघांच्या सीमा गोठवलेल्या होत्या. २००२ मध्ये न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला आणि २००१ ची जनगणना धरून सीमा नव्याने आखायचं ठरलं, राज्याच्या एकूण जागा मात्र तेवढ्याच, ४८ आणि २८८.

महाराष्ट्राची लोकसंख्या साधारण ९ कोटी ६९ लाख, भागिले २८८, म्हणजे एका आमदारामागे ३ लाख ३६ हजारांच्या आसपास. सिंधुदुर्गात माणसं ८ लाख ६९ हजार, म्हणून ३ आमदार, आधी ४ होते. रत्नागिरीत जवळपास १७ लाख, म्हणून ५. दोन्ही मिळून ८, आणि एका खासदाराला लागतात ६. म्हणजे दोन जिल्ह्यांत मिळून खासदार एक आणि वर दोन आमदारांची शिल्लक. ती शिल्लक, दापोली आणि गुहागर, रायगडला जोडली. जिथे लोकसंख्या फुगली, ठाणे, पुणे वगैरे, तिकडे जागा वाढल्या. थोडक्यात आमचीच माणसं ठाण्याला आणि कल्याणला राहायला गेली आणि मागोमाग खासदारही गेला.

नक्की कधी संपला, २००८ की २००९?

दोन्ही बरोबर. नवीन रचना फेब्रुवारी २००८ मध्ये लागू झाली, पण चालू लोकसभेला हात लावला नाही, त्यामुळे सुरेश प्रभू मे २००९ पर्यंत राजापूरचेच खासदार होते.

त्यानंतर काय झालं?

नवीन रत्नागिरी-सिंधुदुर्गात चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी हे सहा विधानसभा भाग. २००९ ला पहिल्याच निवडणुकीत काँग्रेसच्या निलेश राणेंनी सुरेश प्रभूंना हरवलं. २०१४ ला शिवसेनेचे विनायक राऊत सुमारे दीड लाखांनी जिंकले, २०१९ ला पुन्हा तेच, आणि २०२४ ला भाजपकडून नारायण राणे. शेजारचा जुना रत्नागिरी मतदारसंघही तेव्हाच गेला, त्याचे गीते रायगडला गेले आणि २००९ ला तिथे अंतुलेंना हरवून आले.

राजापूर विधानसभा अजून आहे ना?

आहे, नंबर २६७. लोकसभा गेली, विधानसभा राहिली, म्हणून गोंधळ होतो. जुन्या बातम्यांत "राजापूरचे खासदार" आणि "राजापूरचे आमदार" हे वेगवेगळे वाचायचे.

पुढच्या पुनर्रचनेत राजापूर परत येईल का?

कठीण आहे. २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्ग ८ लाख ५० हजारांवर आणि रत्नागिरी १६ लाख १५ हजारांवर आले, म्हणजे दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या वाढायची सोडून कमी झाली, तेही राज्य पुढे पळत असताना. वरचंच गणित या आकड्यांनी परत करून बघा, ३ लाख ९० हजारांना एक आमदार धरला तर दोन्ही जिल्ह्यांत मिळून ८ सुद्धा होत नाहीत, सहा-सव्वासहाच भरतात. गणपतीला गावी आलेली माणसं मोजली तर होईल कदाचित, पण जनगणनावाले गणपतीत येत नाहीत.